आधी वाचा, मंग दाबा

आमच्या दवाखान्यात नवा माणूस आला की पहिल्यांदा त्याच्याशी स्टूल बोलतं. बसायला ओढलं की कडेला चिकटवलेली चिठ्ठी दिसते. "मी स्टूल. मी ड्रेसिंगच्या खोलीतलं. मला कुठंही नेलं तरी मी ड्रेसिंगच्या खोलीतलंच." अक्षर गोल, टपोरं, पहिलीतल्या गुरुजींसारखं. वजनकाट्यावर लिहिलंय, "मी काटा. माझ्यावर रागावू नका." व्हरांड्यातल्या पंख्याच्या बटणाशी, "मी पंखा. आवाज करतो, पण चालतो." माझ्या डब्यावरसुद्धा एक दिवस चिठ्ठी आली, "मी मेश्रामबाईंचा डबा. मला उघडू नका." तोवर माझ्या डब्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नव्हतं. त्या दिवसापासून तीन जणांनी उघडून पाहिला.

हे सगळं लिखाण टेंभरेभाऊंचं. आमचा दवाखाना तिरोड्यात आहे, धर्मादाय, सिकलसेलच्या रोग्यांसाठी. रक्ताचा हा आजार आमच्या भागात घराघरात आहे. काही लोकांना वर्षातून पाचसहा वेळा रक्त चढवावं लागतं. मी तिथे रेकॉर्ड सांभाळते, आणि ते रेकॉर्ड ज्या सर्व्हरमध्ये असतं तो सर्व्हर टेंभरेभाऊ सांभाळतात.

"चिठ्ठ्या कायले लावता भाऊ?" मी एकदा विचारलं.

"जागेवर भरोसा ठेवू नोका जी," ते म्हणाले. "जागा खोटी बोलते. स्टूल इथी दिसलं म्हनून ते इथचं झालं का? वस्तूलेच विचारावं, तू कोन."

दिसायला टेंभरेभाऊ काटकुळे, पन्नाशी ओलांडलेले. दवाखान्यात एसी फक्त सर्व्हरच्या खोलीला, त्यामुळे मे महिन्यात, डांबर चपलेला चिकटतं अशा दुपारी, बाहेर आम्ही ओले रुमाल डोक्यावर घेऊन बसलेलो आणि आत टेंभरेभाऊ मफलर गुंडाळून. डॉक्टर मॅडम म्हणायच्या, आमच्याकडे उष्माघाताचे चाळीस पेशंट आणि सर्दीचा एक.

ते मुळात कंपाउंडर होते. कुठल्याशा मोठ्या कचेरीनं आपला जुना सर्व्हर आमच्या दवाखान्याला दान केला, तेव्हा सोबत त्याची इंग्रजीतली दोन जाडजूड पुस्तकं आली. सर्व्हर कोणाला नको होता, पुस्तकं तर त्याहून नको होती. टेंभरेभाऊंनी ती घरी नेली आणि दोन पावसाळे वाचली. तिसऱ्या वर्षी त्यांनी गोळ्या मोजणं सोडलं आणि त्या खोलीत जाऊन बसले, ते बसलेच.

भाषेचा त्यांचा हिशेब पक्का होता. घरी पोवारी, आमच्याशी झाडीबोली, सर्व्हरशी हिंदी. "चल भाई, उठ. बहुत हो गया," असं रोज सकाळी दाराआडून ऐकू यायचं.

"मशीनले मराठी समजत नाही का भाऊ?"

"समजते जी. पन ऐकत नाई. हिंदीत जरा धाक राहते."

आणि एक त्यांचा नियम होता, आधी वाचा, मंग दाबा. स्क्रीनवर काहीही प्रश्न आला, की हो म्हणायच्या आधी तो दोनदा वाचायचा, मग उठून घोटभर पाणी प्यायचं, परत येऊन तिसऱ्यांदा वाचायचा आणि मगच बटण दाबायचं. पाणी कशाला? तर बसल्या जागी माणसाचं बोट स्वतःच्या मनानं चालतं. उठलं की ते परत आपल्या ताब्यात येतं. हा नियम ते दवाखान्यापुरता ठेवत नसत. एकदा मतदानाच्या दिवशी मशीनसमोर उभं राहून त्यांनी सगळी यादी वाचली आणि मग पाणी प्यायला बाहेर निघाले. तिथल्या साहेबांनी अडवलं, की एकदा आत आलं की मत दिल्याशिवाय बाहेर जाता येत नाही. "मंग इथीच पानी बोलवा," टेंभरेभाऊ म्हणाले. रांगेतल्या एका बाईनं शेवटी आपली बाटली आत दिली, तेव्हा मागची रांग हलली.

सर्व्हरच्या शेजारी एक पेटी होती आणि तिच्यात सहा डिस्का. रोग्यांची सगळी माहिती त्या सहांत. मला वाटायचं, एकेका डिस्कमध्ये एकेक तालुका असेल. टेंभरेभाऊंना या अज्ञानाचं फार वाईट वाटलं.

"सहा तलाव नाई जी, एकच. सहाही डिस्काचं पानी एका ठिकानी केलं. आपलं चोरखमाऱ्याचं धरन घ्या. त्याच्यात कोनत्या नाल्याचं पानी कोनतं, हे तुमाले सांगता येईन का? नाई ना? आता त्या तलावातून पाट काढले. एक पाट रेकॉर्डच्या बांधीले, एक तपासनीच्या, एक फोटोच्या. तुमी बांधी पाहता. मी तलाव पाहतो."

बांधी म्हणजे आमच्याकडे धानाचं शेत. मला समजलं. डॉक्टर मॅडमनाही त्यांनी एकदा हे समजावलं होतं; त्यांचं माहेर नाशिकचं, त्यांना डिस्काही समजल्या नाहीत आणि बांधीही.

या तलावाचा नकाशा टेंभरेभाऊ दर महिन्याला लिहून ठेवत. कोणत्या डिस्कचा जन्माचा नंबर काय, कोणत्या पाटाचं नाव काय. लिहीत ते लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूला. त्यांचं म्हणणं, असा जाड कागद बाजारात भेटत नाही. ओळखीच्या घरी लग्न निघालं की ते दोन पत्रिका मागून घेत, एक जायला आणि एक लिहायला.

मागच्या वर्षी सर्व्हरमधलं एक कार्ड तापायला लागलं. कार्ड म्हणजे डिस्कांच्या वायरी जिथे येऊन लागतात ती पट्टी. मॅडमनी नागपूरहून एक इंजिनीयर बोलावला. तिशीतला, चुणचुणीत, पाठीवर काळी बॅग. टेंभरेभाऊंना मॅडमनी सांगितलं, "तुम्ही मध्ये बोलू नका. त्यांना काम करू द्या." टेंभरेभाऊ हो म्हणाले आणि खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर, मफलर आवळून, हात मांडीखाली दाबून बसले.

इंजिनीयरनं तासाभरात जुनं कार्ड काढलं, नवं दुसऱ्या खाचेत बसवलं, वायरी लावल्या, सर्व्हर सुरू केला. मी बाहेर माझ्या टेबलावर होते. समोरच्या बाकड्यावर ज्योती पोटाशी पाय घेऊन बसली होती. पंचवीसेक वर्षांची, दवनीवाड्याला शिवणकाम करते. भावानं मोटारसायकलवर आणलं होतं. अंग ठणकत होतं तिचं, आणि रक्त चढवणं भाग होतं. पण ज्योतीला कोणतंही रक्त चालत नाही. वारंवार रक्त घेऊन घेऊन तिच्या अंगात काही रक्तांशी वैर तयार झालंय, नुसता गट जुळून भागत नाही. मागं एकदा चुकीचं चढलं तेव्हा ती दोन दिवस मरणाच्या दारात होती. कोणतं टाळायचं ते तिच्या कार्डावर लिहिलेलं होतं, आणि ते कार्ड तिच्या भावाच्या खिशात धुतलं गेलं होतं.

"रेकॉर्डमध्ये आहे ना जी?" भावानं विचारलं.

"आहे," मी म्हटलं, आणि तिचं नाव टाकलं. पडद्यावर काहीच आलं नाही. माझीही तपासणी इथेच झालेली, म्हणून माझं नाव टाकलं. तेही नाही. आमच्या दवाखान्यात कोणी कधी आजारीच पडलं नव्हतं, असं सर्व्हरचं म्हणणं होतं.

मी आत धावले. इंजिनीयर पडद्याकडे बघत होता. "मॅडम, इसमें तो कुछ है ही नहीं," तो डॉक्टर मॅडमना म्हणाला. "डिस्क खाली दिखा रहा है. नया बनाना पडेगा. बॅकअप होगा ना?"

बॅकअप होता, आठ महिन्यांपूर्वीचा. ज्योतीचं मरणाचं दार चार महिन्यांपूर्वीचं.

पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उभा होता, की या डिस्का ओळखीच्या नाहीत, नव्यानं तयार करू का, हो की नाही. इंजिनीयरचं बोट पुढे गेलं.

टेंभरेभाऊ उठले. काही बोलले नाहीत, कारण बोलू नका असं सांगितलेलं होतं. त्यांनी कीबोर्डची वायर उपटली, कीबोर्ड पिशवीत घातला, पिशवी खांद्याला लावली आणि खोलीबाहेर पडले. आम्ही व्हरांड्यात येईस्तोवर ते सायकलवर टांग टाकत होते.

"टेंभरे, कुठं चाललात?" मॅडम ओरडल्या.

"जेवाले," टेंभरेभाऊ म्हणाले, आणि गेले.

मॅडम इतक्या संतापल्या की त्या शांत झाल्या. इंजिनीयर दुसरा कीबोर्ड शोधायला लागला. दवाखान्यात आणखी तीन कीबोर्ड होते, पण त्या जुन्या सर्व्हरला त्यातल्या एकाचीही पिन बसेना. मी मॅडमना ज्योतीचं सांगितलं. त्यांनी रक्ताचा नमुना नागपूरला पाठवायची तयारी सुरू केली. तिथून उत्तर यायला एक दिवस तरी लागणार होता. त्या ज्योतीजवळ जाऊन बसल्या, तिची नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. ज्योती म्हणाली, "मॅडम, मले फसवू नोका. होऊन राहिलं का नाई?" मॅडम म्हणाल्या, "होतंय." त्यांना खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. तसे झाले.

अर्ध्या तासानं सायकल आली. पिशवीत कीबोर्ड आणि काखेत पत्र्याचा डबा. डब्यात पत्रिका.

"जेवलात?" मॅडमनी विचारलं. असल्या आवाजात मला कोणी विचारलं असतं तर मी पुन्हा कधी जेवले नसते.

"नाई जी. घरी गेल्यावर ध्यानात आलं का आज एकादशी आहे." मग ते इंजिनीयरकडे वळले. "बेटा, तलाव कुठी गेला नाई. तुमी गावातल्या घराचे नंबर बदलवले. पोस्टमन जुन्या नंबरवर जाते, तिथी कोनी नाई, तो परत येऊन सांगते का गावच नाई. आन् तुमी गावावर नांगर फिरवाले निघाले."

इंजिनीयर हुशार होता. "पाथ बदलला," तो स्वतःशीच म्हणाला. नव्या कार्डानं प्रत्येक डिस्कचा पत्ता बदलला होता, आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर शोधत होता. "नवे सर्व्हर हे आपोआप समजतात, अंकल."

"हा जुना आहे. माह्यासारका. याले सांगा लागते."

ते खुर्चीवर बसले, पडद्यावरच्या प्रश्नाला आधी नाही म्हणाले, पत्रिका मांडल्या आणि काहीतरी टाइप केलं. इंजिनीयरनं वाकून वाचलं आणि त्यांचा हात धरला. "अंकल, ये तो निकालने का कमांड है. पूरा ग्रुप, छहों डिस्क, निकल जायेगा."

आता मॅडमही पुढे आल्या. पुसू नका म्हणून कीबोर्ड पळवणारा माणूस स्वतःच पुसायला बसला होता.

"पुसत नाई," टेंभरेभाऊ म्हणाले. "विसरवून राहिलो. याच्या डोक्यात जुने पत्ते बसले आहेत, ते आधी विसरले पायजे, तवा नवे घुसतीन. डिस्कले हात लागत नाई. डिस्कच्या पोटात तिचं नाव तिनं सोताच लिहून ठेवलं आहे. ते कसं पुसन?"

"नक्की?" मॅडमनी विचारलं.

टेंभरेभाऊ उठले आणि पाणी प्यायला गेले. बाहेर ज्योती कण्हत होती, आत तीन माणसं एका ग्लासाकडे बघत होती. ते परत आले, तिसऱ्यांदा वाचलं, आणि दाबलं.

सर्व्हर विसरला. मग एकेका डिस्कला तिचा जन्माचा नंबर विचारायचा होता. पाच डिस्कांनी सांगितला आणि पाचही पत्रिकांशी जुळले. सहावी बोलेना. टेंभरेभाऊंनी तिला हिंदीत विचारून पाहिलं, दरडावून पाहिलं. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उतरला. सहांचं पाणी एक. एक फुटली तर तलाव उभा राहात नाही.

तेव्हा इंजिनीयर पॅन्टची पर्वा न करता जमिनीवर आडवा झाला आणि मोबाइलचा उजेड लावून पेटीच्या मागं शिरला. "अंकल, नंबर बोलो." टेंभरेभाऊंनी चष्मा कपाळावर चढवून कोणाच्या तरी शुभविवाहाच्या पाठीवरचा नंबर वाचायला घेतला. एक आकडा हे बोलत, तो आकडा खालून परत येई. "यही है. केबल ठीक से बैठी नहीं थी, मेरी गलती." खट्ट असा आवाज झाला. पडद्यावर सहावी उमटली.

पुढचं टेंभरेभाऊंनी दोघांत वाटून घेतलं. पत्रिकेवरून पाटांची नावं ते सांगत आणि इंजिनीयर टाइप करी, कारण त्याची बोटं जलद चालत. फक्त दर वेळी दाबायच्या आधी त्याला पाणी प्यावं लागलं. चौथ्या ग्लासाला तो म्हणाला, "अंकल, अब बाथरूम जाना पडेगा." टेंभरेभाऊ म्हणाले, "जाऊन या. तोवर मी वाचतो."

एकेक नाव पडद्यावर आलं. रेकॉर्ड. तपासणी. औषध. फोटो. आणि शेवटी एक पाचवं, पाहुणे.

"हे पाहुणे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"ते राहू द्या जी," टेंभरेभाऊ म्हणाले. "मेश्रामबाई, ज्योती पाहा."

मी बाहेर पळाले. नाव टाकलं. ज्योती आली, तिच्या सगळ्या तारखांसह, आणि खाली लाल अक्षरात कोणतं रक्त द्यायचं नाही ते. मॅडमनी तो पडदा दोनदा वाचला, नुसता फोन लावायचा होता तरी पाणी प्यायल्या, आणि गोंदियाच्या रक्तपेढीला फोन लावला. संध्याकाळच्या आत ज्योतीला रक्त लागलं. दुसऱ्या दिवशी घरी जाताना तिनं तक्रार केली की इथला चहा थंड असतो आणि खिडक्यांचे पडदे शिवणाऱ्याला शिवता येत नाही. इंजिनीयर आदल्या संध्याकाळीच परत गेला होता. जाताना त्यानं टेंभरेभाऊंकडून एक कोरी पत्रिका मागून घेतली.

मॅडमनी टेंभरेभाऊंना कीबोर्ड पळवल्याबद्दल लेखी ताकीद दिली. ती त्यांनी दोनदा वाचली.

पण माझ्या डोक्यात ते पाहुणे राहून गेले. रेकॉर्ड माझ्याकडे, आणि मला माहीत नसलेली बांधी त्यात कुठून आली? तीन वर्षांपूर्वी जागा कमी पडते म्हणून मॅडमनी वारलेल्या रोग्यांची माहिती काढून टाकायला सांगितली होती. यादी मीच करून टेंभरेभाऊंना दिली होती. एकशे काहीतरी नावं. मला उत्तर जवळजवळ सापडलं होतं, तरी विचारायला धीर होत नव्हता.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मी सर्व्हरच्या खोलीत एक फाइल द्यायला गेले. दार लोटलेलं होतं. आत टेंभरेभाऊंच्या खुर्चीवर एक बाई बसली होती, पायाशी रिकामी टोपली. ते स्वतः उभे. पडदा तिच्याकडे वळवलेला. पडद्यावर दहाअकरा वर्षांचा एक मुलगा होता, नोंदणीच्या वेळी आम्ही काढतो तसला फोटो, मागं भिंत, एक डोळा अर्धा मिटलेला.

"डोरा मिटला पाहा," बाई म्हणाली.

"तीनदा काढला जी. तीनदा मिटला. मी म्हनलं, काऊन रे? तर म्हने, उजेड गुदगुल्या करते."

बाई हसली. हे तिला माहीत होतं, पुन्हा ऐकायचं होतं, असं ते हसणं होतं. मग तिनं विचारलं, मोठा करता का, आणि त्यांनी फोटो मोठा केला. दोघं बघत राहिले. मग ती यंदाच्या धानाच्या रोवण्याचं, लावणीचं बोलायला लागली. पोरगा पडद्यावर तसाच होता.

मी दाराशीच थांबले. ती गेल्यावर टेंभरेभाऊंनी मला पाहिलं. ते दचकले नाहीत.

"घरी एकच फोटो होता," ते म्हणाले. "बापानं तो पोराच्याच संगं देऊन टाकला. मी म्हनलं, छापून देतो. तर नको म्हनते. घरी नेला तर मालक जेवत नाई. म्हनून इथी येते, बाजाराच्या दिवशी."

"आणि बाकीचे, भाऊ? बाकीचे पाहुणे?"

"बाकीच्याईले कोनी येत नाई." त्यांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "कोनाले माहीतच नाई, ते इथी आहेत म्हनून. मीच उघडतो एकेक. डबा खाताना. रोज एक."

माझं लग्न झालेलं, दोन पोरं, सासू, घर भरलेलं. टेंभरेभाऊ कोणासोबत जेवतात हे बारा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं.

मला मॅडमना सांगणं भाग होतं. रेकॉर्ड माझी जबाबदारी. दोन दिवस सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला वाटलं, दुसरी ताकीद.

पुढच्या बाजाराला ती बाई आली. दार लोटलं गेलं. थोड्या वेळानं मॅडम कॉरिडॉरमधून आल्या, हातात रिपोर्ट घेऊन सरळ त्या खोलीकडे. मी उठून उभी राहिले. त्यांनी दार अर्धवट उघडलं, आत पाहिलं, आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग कडीचा आवाज होणार नाही असं दार पुन्हा ओढून घेतलं.

मागून नर्स आली. तिला प्रिंट काढायची होती.

"आत्ता नको," मॅडम म्हणाल्या. "सर्व्हरचं काम सुरू आहे."

त्यांचे कान लाल झाले होते.